चांगुलपणातून होणाऱ्या चुका: बचत गट चालवताना हे टाळा

गट मोडला की गावात पहिलं वाक्य येतं, "कुणीतरी पैसे खाल्ले." अकरा वर्षं मी गटांच्या वह्या तपासते आहे. खरोखर पैसे खाल्ले म्हणून मोडलेले गट मी दोनच पाहिले. बाकीचे चांगल्या बायकांच्या हातून मोडले. कुणाला नाही म्हणता आलं नाही, कुणी मैत्रिणीला पाठीशी घातलं, कुणी खरं बोलण्याच्या भरात एखादीला चारचौघींत उघडं पाडलं. दर वर्षी नव्या गावात तेच बघून जीव थकतो, म्हणून लिहिते.

दुसरीच्या पैशांवर दया

यावर सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण ही चूक मी स्वतः केली आहे.

आषाढातली गोष्ट. बैठक संपून बायका पांगल्या होत्या. बचत आणि हप्ते मिळून ६,४०० रुपये माझ्या पिशवीत होते, दुसऱ्या दिवशी बँकेत भरायचे होते. एक सदस्य ओसरीवर थांबली. मुलाची आयटीआयची फी भरायची उद्या शेवटची तारीख. ती रडली नाही, धड मागितलंही नाही, नुसती पदराचं टोक पिळत बसली. मी ५,००० काढून तिच्या हातावर ठेवले आणि म्हटलं, "पुढच्या बैठकीत ठराव करून घेऊ." त्या रात्री मला समाधानाची झोप लागली.

गुरुवारी दुसरी सदस्य आली. मुलीच्या बाळंतपणासाठी तिला ८,००० रुपये आधीच मंजूर झाले होते, आणि ते याच हप्त्यांच्या भरवशावर. बँकेत गेलो तर शिल्लक पुरेना. मी म्हटलं, "दोन दिवस थांब गं." ती काही बोलली नाही. पुढच्या बैठकीला आली तेव्हा दोन्ही कानांत कुड्यांच्या जागी कडुनिंबाच्या काड्या होत्या. भोकं बुजू नयेत म्हणून. कुड्या सोनाराकडे गहाण पडल्या होत्या.

फीवालीची अडचण खरी होती, माझा कळवळाही खरा होता. पण मी दिलं ते माझं नव्हतं, आणि ज्यांचं होतं त्यांना मी विचारलं नव्हतं. मला आलेल्या दयेपायी दुसरीच बाई लंकेची पार्वती झाली.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे. कुणी काही मागितलं की मनातल्या मनात इतिवृत्ताची ओळ लिहून बघते: "सचिवांनी कोणालाही न विचारता ५,००० रुपये दिले." ही ओळ सगळ्या जणींसमोर मोठ्याने वाचताना जीभ अडखळणार असेल, तर ते काम करायचं नाही. तरी द्यावंसं वाटलंच तर घरच्या डब्यातले द्यावेत. मी २०० देते, कधी ५०० देते. त्यात कुणाची फी भरत नाही हे मला कळतं, पण ते माझे असतात.

प्रशिक्षणात पंचसूत्री पाठ करून घेतात: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब. नव्या मुलींना वाटतं हे वहीखात्याचे नियम, यात नीतीचा काय संबंध? १९९२ साली नाबार्ड या शेती आणि ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेने ५०० गट बँकांना जोडायचा प्रयोग सुरू केला, तेव्हा या बायकांकडे तारण ठेवायला काय होतं? एकमेकींवरचा विश्वास, तेवढाच. तो विश्वास वहीत दिसतो. वही चुकली की एका बाईचा शब्द खोटा पडतो, इतका तो संबंध जवळचा आहे.

सत्य म्हणून सगळंच सांगणं

एका गटात हिशेब लिहिणारी मुलगी फार सरळ. थकीत हप्त्यांची यादी वाचताना तिने एकीच्या नावापुढे कारणही वाचलं: नवऱ्याने हप्त्याचे पैसे दारूत घातले. नंतर मी विचारलं तर म्हणाली, "ताई, मी खोटं बोलत नाही." ती बाई पुन्हा बैठकीला आली नाही. तिची बचत अडकली, गटाचा हप्ता अडकला, आणि जिथे चार घटका मोकळं बोलता यायचं ती एकमेव जागा तिला बंद झाली.

महाभारतात कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतो. अर्जुन तेव्हा प्रतिज्ञा पाळायची म्हणून सख्ख्या थोरल्या भावावर शस्त्र उगारून उभा असतो. कौशिक हा सत्यव्रती ब्राह्मण. दरोडेखोरांच्या भीतीने पळालेली माणसं त्याच्यासमोरून रानात लपतात. मागून दरोडेखोर येऊन विचारतात, आणि हा खरं सांगून टाकतो. माणसं मारली जातात आणि कौशिक नरकात जातो. ही गोष्ट मी प्रत्येक नव्या गटात सांगते, कारण खरं बोलण्याचा अभिमान अंगात आला की समोरच्या माणसाचं काय होतंय ते दिसेनासं होतं.

मग काय सांगायचं? हप्ता आला नाही, रक्कम किती, पुढची तारीख कोणती. गटाचा हक्क एवढ्यावर आहे. कारण त्या बाईचं आहे, सांगायचं की नाही तिने ठरवावं. मी बैठकीच्या आदल्या संध्याकाळी एकटी तिच्या घरी जाते, चहा घेते आणि विचारते, "उद्या मी काय सांगू?" यात वेळ जातो, दोन गल्ल्या चालायला लागतात. फोनवर उरकणाऱ्यांचं मला पटत नाही.

याचा आधार घेऊन न आलेला हप्ता "आला" असं मात्र कोणी लिहू नये. ते सरळ खोटं आहे.

कोऱ्या स्लिपवर सह्या

"अध्यक्षांवर अविश्वास दाखवायचा का?" म्हणून पैसे काढण्याच्या कोऱ्या स्लिपवर आगाऊ सह्या देणं. याची मला मनापासून चीड आहे. बँकेची एक खेप वाचते आणि एका भल्या बाईवर नको तो मोह लादला जातो. रक्कम अंकी आणि अक्षरी लिहिल्याशिवाय मी पेन उघडत नाही, मग समोर कोणीही असो.

काही चुका थोडक्यात. बैठकीत गप्प बसायचं आणि नळावर बोलायचं, याला सहनशीलता म्हणू नका. दंड सगळ्यांना सारखा असू द्या, पण मुदत वाढवून देताना परिस्थिती बघा आणि ती वाढ सगळ्यांसमोर द्या. क्षमा जरूर करा, मात्र त्याच आठवड्यात पेटीची किल्ली परत तिच्या हाती देऊ नका. जावेचं किंवा नणंदेचं कर्ज ठरवायचं असेल तर त्या विषयापुरतं उठून बाहेर बसा.

नव्या मुली मला म्हणतात, "ताई, असा एकच नियम सांगा की दर वेळी विचार करायला नको." ही घाई मला आवडत नाही. ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच सांगितलं की घरं बांधून माणूस गवंडी होतो, तसा न्यायाची कामं करून न्यायी होतो. दोन दिवसांच्या शिबिरात शपथ घेऊन आणि भिंतीवर सुविचार रंगवून ते येत नाही. मी त्यांना सांगते, आधी बारा बैठका नुसत्या बसा. कोण कुणाकडे बघून मान डोलावते, कुणाचं "चालेल" खरं असतं, कोण नेहमी शेवटी बोलते ते बघा. मग पेन हातात घ्या.

राहिला अडीअडचणीचा प्रश्न. रात्री दवाखान्याची वेळ आली तर बैठकीची वाट बघायची का? आमच्या गटाने यावर ठराव केला: २,००० रुपये वेगळ्या पाकिटात ठेवायचे, तीन सदस्यांना फोन करून होकार घ्यायचा, आणि पुढच्या बैठकीत पहिली नोंद त्याचीच. हा ठराव झाला त्याच बैठकीत मी सगळ्यांसमोर माझी चूक सांगितली, ती वहीत लिहिली आणि सोनाराचं व्याज माझ्याकडून भरायचं कबूल केलं. ठराव मांडला तो बाळंतपणासाठी पैसे मागणारीनेच. मांडताना तिच्या कानांत काड्याच होत्या. कुड्या सुटायला दिवाळी उजाडली.