वाळवीच्या औषधानं आग थांबत नाही

चाळींच्या गॅलऱ्या आणि जिने दुरुस्त करताना एक वाक्य हमखास ऐकू येतं : "लाकूड ट्रीटेड आहे, आता कसली काळजी?" काळजी आहेच. ट्रीटेड म्हणजे वाळवी लागू नये, कुजू नये म्हणून औषध दिलेलं. आगीशी त्याचा संबंध नाही. उलट तांबं, क्रोम आणि आर्सेनिकचं औषध दाबानं भरलेलं ते हिरवट लाकूड एकदा पेटलं, की ज्वाळा विझल्यावरही आतून धुमसत राहतं. राखेत आर्सेनिक उरतं. त्याचे तुकडे पाणी तापवायच्या बंबात घालू नका.

आग रोखणारं औषध वेगळं. ते देण्याआधी लाकूड ओळखा. जुन्या चाळीतल्या बर्मा सागाचा गाभा औषध पीतच नाही. त्याला आगीत फुगणाऱ्या रंगाचा वरचा लेपच द्यावा लागतो. मुंबईत रे रोडच्या लाकूडबाजारातून आणलेलं साधं, औषध न दिलेलं पाइन मात्र चांगलं पितं. कापणं, भोकं पाडणं आधी उरका. मग एक लिटर गरम पाण्यात ९० ग्रॅम टाकणखार आणि ६० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवा. हातमोजे, मास्क घाला, मुलांना लांब ठेवा. लहान तुकडे रात्रभर बुडवा. जागेवरच्या लाकडाला पहिला हात सुकायच्या आत दुसरा, मग तिसरा द्या. टोकांना जास्त पाजा, कारण लाकूड तिथूनच ओढतं. यानं वाळवीही दूर राहते. पण ब्रशनं औषध वरवरच जातं, कारखान्यात दाबानं भरल्याची सर त्याला नाही. शिवाय ते पावसानं धुऊन जातं. कठड्यावर नुसतं हे देऊन भागत नाही.

सुकल्यावर लाकडावर पांढरी भुकटी येते. ती ओल्या फडक्यानं पुसा, नाहीतर रंग धरत नाही. ओल मोजायच्या मीटरवर ती १५ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय रंगाचा डबा उघडू नका. मुंबईच्या पावसाळ्यात ती येत नाही, म्हणून मी हे काम दिवाळीनंतरच घेतो.

रंग आगीत फुगणारा, लाकडासाठीचाच घ्या. साधारण २०० अंशांना तो पापडासारखा फुगतो आणि लाकडापर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो. जुना ऑइल पेंट खरवडून लाकूड उघडं करा. डब्यावर एका लिटरला जितके चौरस मीटर लिहिलेत तितकेच रंगवा. पैसे वाचवायला रंग ताणतात आणि तिथेच घात होतो. सगळं काम जाडीवर आहे. वरचा हात त्याच कंपनीनं सांगितलेला द्या, मेलामाइन पॉलिश नको. स्क्रू गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेसचे. तांब्याच्या औषधानं आणि खाऱ्या हवेनं साधे खिळे खाल्ले जातात.

पार्टिशनला प्लाय लावणार असाल तर आयएस (भारतीय मानक) ७१० म्हणजे पाण्यासाठी. आगीसाठी आयएस ५५०९ चा शिक्का बघा. आणि जिन्याखालचा विजेचा मीटर लाकडी फळीवर असेल तर कितीही रंग दिलात तरी आधी ती फळी काढा, जुनी वायरिंग बदलून घ्या. दर मे महिन्यात कठड्यावर हात फिरवा. जिथे वरचा थर सोलला असेल, तिथे पावसाआधी पुन्हा लावा.