जुन्या ऑक्टाव्हियाचे इंजिनाखालील कव्हर बदलण्यापूर्वीची तयारी

पहिल्या पिढीच्या स्कोडा ऑक्टाव्हियाचे इंजिनाखालील प्लास्टिकचे आच्छादन, ज्याला गॅरेजमध्ये अंडर कव्हर किंवा नुसतेच खालचे कव्हर म्हणतात, ते सहसा दगडाच्या एका फटक्याने तुटत नाही. ते आधी सुटते आणि मग तुटते. ऑइल बदलताना काढलेल्या स्क्रूंपैकी दोन-तीन परत लागत नाहीत, त्यामुळे एक कोपरा लोंबू लागतो, महामार्गावर त्या फटीत वारा भरून कव्हर फडफडते आणि पुढे एखादा उंच गतिरोधक किंवा पावसाळ्यातला खड्डा त्या लोंबत्या कडेला पकडून ती फाडतो. म्हणून ही तयारी करताना नव्या कव्हरापेक्षा त्याला धरून ठेवणारे स्क्रू, पत्र्याचे क्लिप-नट (कडेवर सरकवून बसवायचे, स्क्रूचे आटे धरणारे चिमटे) आणि गाडीच्या अंगावरची भोके यांच्याकडे जास्त लक्ष द्यावे. तिथे हयगय झाली तर नवे कव्हरही त्याच वाटेने जाईल.

स्कोडाने २००१ मध्ये औरंगाबादजवळ, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्रा येथे या गाडीची जुळणी सुरू केली. त्यामुळे महाराष्ट्रात ही गाडी बरीच खपली आणि १.९ टीडीआय डिझेल इंजिनाच्या कितीतरी ऑक्टाव्हिया अजूनही चांगल्या चालतात. सुटे भाग मात्र दरवर्षी दुर्मीळ होत आहेत, म्हणून काय मागवायचे हे नेमके ठरल्याशिवाय दुकानात जाऊ नये. डिझेल गाडीत हे कव्हर एकसंध नसते. मधला मोठा भाग वेगळा असतो, उजव्या आणि डाव्या चाकाच्या बाजूंचे भाग वेगळे असतात आणि अनेकदा यांतला एकच भाग निकामी झालेला असतो. मधला तुकडा फाटला म्हणून तिन्ही विकत घेण्याची गरज नाही. उलट बाजूचा भाग आधीच गायब असेल तर मधल्याला त्या कडेने आधार उरत नाही, हेही ध्यानात घ्यावे. गाडीखाली वाकून, विजेरीच्या उजेडात, कोणते भाग आहेत, कोणते नाहीत आणि कोणता कुठे फाटला आहे याची टिपणे काढावीत आणि मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो घ्यावेत. कव्हराच्या आतल्या बाजूला प्लास्टिकमध्येच उठावाने भाग क्रमांक कोरलेला असतो. फोक्सवॅगन समूहाच्या पद्धतीत क्रमांकाची सुरुवातीची अक्षरे गाडीची जात सांगतात, त्यामुळे तो चिखल पुसून नीट वाचून घ्यावा. पेट्रोल आणि डिझेल गाड्यांचे भाग बाहेरून सारखे दिसले तरी एकमेकांना बसतीलच असे नाही.

हे सगळे पाहत असतानाच कव्हर कशामुळे गेले याचाही शोध घ्यावा. फाटलेल्या कडेला ताजे पांढरट ओरखडे असतील तर ते घासले गेले आहे. भोकांभोवती केसासारख्या बारीक भेगा पसरल्या असतील तर स्क्रू वाजवीपेक्षा जास्त आवळले गेले होते किंवा प्लास्टिक उष्णतेने ठिसूळ झाले आहे. आणि भोक लांबट होऊन त्याची एक बाजू उघडी पडली असेल तर ते फडफडून झिजले आहे. मधल्या भागाच्या आत आवाज शोषणारा फोमचा थर असतो. तो काळाकुट्ट, जड आणि चिकट झाला असेल तर वरून ऑइल किंवा डिझेल गळते आहे आणि आतापर्यंत ते कव्हराने लपवून ठेवले होते, असे समजावे. गळती बंद केल्याशिवाय नवे कव्हर लावू नये. नवा फोमही तसाच भिजेल, आणि तेलात भिजलेला फोम गरम इंजिनाखाली असणे हा आगीचा धोका आहे. अशा वेळी एक दिवस गाडी स्वच्छ पुठ्ठ्यावर उभी करून थेंब नेमके कुठे पडतात ते पाहावे.

भाग कुठून घ्यावा याचा विचार यानंतर. अधिकृत विक्रेत्याकडे मिळाला तर पहिली पसंती त्यालाच द्यावी, कारण भोकांची जागा तंतोतंत जुळते. बाहेरच्या कंपन्यांनी बनवलेली कव्हरे स्वस्त मिळतात, पण काहींमध्ये फोम नसतो आणि प्लास्टिक पातळ असते. पुण्यातील नाना पेठेत किंवा ओळखीच्या दुकानात असे कव्हर घेताना जुना तुकडा सोबत न्यावा आणि दोन्ही एकमेकांवर ठेवून भोके जुळतात का ते दुकानातच पाहावे. मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या भागांच्या बाजारात वापरलेले कव्हर मिळू शकते आणि ते मूळ कंपनीचे असेल तर बाहेरच्या नव्यापेक्षा कधीकधी सरस ठरते. मात्र ते सपाट जमिनीवर ठेवून हलते का, म्हणजे मुरगळले आहे का, हे पाहावे आणि प्रत्येक भोक उजेडासमोर धरून भेगा तपासाव्यात. फोम तेलाने भरलेला असेल तर किंमत कितीही कमी असली तरी ते घेऊ नये.

बाजारात लोखंडी पत्र्याचे कव्हर सुचवणारेही भेटतात आणि घाटात किंवा कच्च्या रस्त्यावर नेहमी जाणाऱ्याला ते आकर्षक वाटणे स्वाभाविक आहे. मूळ प्लास्टिकचे कव्हर मोठ्या दगडाचा थेट घाव अडवत नाही, हे खरे आहे. चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी, वाचवणे हे त्याचे मुख्य कामच नव्हे. चिखल, पाणी आणि खडी यांना इंजिनापासून दूर ठेवणे, आवाज दाबणे आणि गाडीखालील हवेला वळण देणे यासाठी ते असते. उजव्या बाजूला, म्हणजे आपल्याकडे चालकाच्या बाजूला, इंजिनाचा पट्टा, क्रँकची पुली आणि एसीचा कॉम्प्रेसर खाली येतात, आणि एक बारीक खडा पट्टा व पुली यांच्यामध्ये गेला तरी पट्टा उतरू शकतो. लोखंडी पत्रा घ्यायचाच असेल तर हवा खेळायला जागा आहे का, ऑइल सोडण्यासाठी झडप आहे का आणि दणका बसल्यावर पत्रा चेंबरला टेकणार नाही इतके अंतर आहे का, हे पाहून घ्यावे. रोज शहरात चालणाऱ्या गाडीला मूळ धाटणीचे प्लास्टिकच योग्य, असे माझे ठाम मत आहे.

आता स्क्रूंकडे वळू. या गाडीत कव्हराचे मूळ स्क्रू टी-२५ मापाच्या स्टार बिटने उघडतात, पण वीस वर्षांत किती हातांनी काम केले असेल याचा भरवसा नसल्यामुळे मध्येच १० नंबरचा बोल्ट, फर्निचरचा स्क्रू किंवा नुसता केबल टायही सापडतो. म्हणून टी-२५ चा चांगल्या पोलादाचा बिट, लांब एक्स्टेन्शन, १० नंबरचा बॉक्स पाना, रॅचेट, लॉकिंग पक्कड आणि चपटा पेचकस ही हत्यारे आधीच बाजूला काढून ठेवावीत. मूळ मापाचे नवे स्क्रू आणि क्लिप-नट गाडीवर लागतात त्यापेक्षा चार-सहा जास्तच आणावेत, कारण गंजलेला क्लिप-नट निघताना तुटतो किंवा त्याचे आटे गेलेले असतात आणि नेमक्या त्या वेळी दुकान बंद असते. भोक थोडे मोठे झालेले वापरलेले कव्हर घेतले असेल तर रुंद वॉशरही घ्यावेत. केबल टायने कव्हर बांधून घरी पोहोचता येते; त्यावर पावसाळा काढायचा ठरवू नये.

काम करण्याच्या आदल्या दिवशी दोन गोष्टी उरकाव्यात. गाडीचा खालचा भाग साध्या पाण्याने धुऊन घ्यावा, म्हणजे वाळलेला चिखल डोळ्यांत पडणार नाही, आणि रात्री प्रत्येक दिसणाऱ्या स्क्रूवर गंज सोडवणारे तेल थोडेसे मारावे. फवारा पट्ट्यावर, ब्रेकच्या डिस्कवर किंवा चाके फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टच्या रबरी बुटांवर (आवरणांवर) जाऊ देऊ नये. त्यानंतरचे काम बारीक आहे, पण सगळे त्यावरच अवलंबून असते. स्क्रूच्या डोक्यातील स्टारच्या खाचेत चिखल दगडासारखा घट्ट बसलेला असतो, आणि तो न काढता बिट लावला तर बिट अर्धाच आत जातो, जोर लावताच निसटतो आणि खाच गोल होते. एकदा खाच गोल झाली की पाच मिनिटांच्या कामाला अर्धा दिवस लागतो. दाभणाने किंवा बारीक खिळ्याने ती खाच तळापर्यंत कोरावी, बिट हातोडीने हलकेच ठोकून पूर्ण आत बसवावा आणि मगच रॅचेट फिरवावे. तरीही डोके गोल झालेच तर लॉकिंग पक्कडीने ते कडेने धरता येते.

जागा आणि आधार यांची तयारी कोणत्याही कारणाने टाळू नये. गाडीसोबत मिळालेला जॅक केवळ चाक बदलण्यासाठी असतो, आणि फक्त त्याच्यावर तोललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. विटांवर किंवा सिमेंटच्या ब्लॉकवर तर गाडी कधीच ठेवू नये, कारण ते काही सूचना न देता फुटतात. पक्की सपाट फरशी, मजबूत रॅम्पची जोडी किंवा जॅक स्टँड, मागच्या चाकांच्या दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे, ओढलेला हँडब्रेक आणि पहिला गिअर एवढे हवेच. रॅम्पवर चढताना पुढचा बंपर घासण्याची शक्यता असते, म्हणून रॅम्पच्या तोंडाशी एक जाड फळी ठेवावी. स्टँड वापरायचे असतील तर दरवाज्याखालील पट्टीवर खुणा केलेल्या मजबूत जागीच आधार द्यावा, कव्हराला किंवा चेंबरला नव्हे. बाजूच्या भागांचे काही स्क्रू चाकाच्या कमानीतून उघडतात, आणि ते गाडी जमिनीवर असतानाच, स्टिअरिंग पूर्ण वळवून, सैल करून घेणे सोपे जाते. हे सगळे घरी जमण्यासारखे नसेल तर ओळखीच्या गॅरेजची लिफ्ट किंवा खड्डा तासाभरासाठी मागून घ्यावा. यात कमीपणा काही नाही. इंजिन पूर्ण थंड झालेले असावे. चष्मा आणि हातमोजे लागतातच.

जुने कव्हर निघाले की मिळालेल्या मोकळ्या जागेचा उपयोग करून घ्यावा, म्हणून कापडी चिंध्या आणि चांगला दिवा जवळ ठेवावा. ऑइलचा ड्रेन बोल्ट ओला आहे का, शाफ्टचे बूट फाटले आहेत का, पट्ट्याच्या कडा उसवल्या आहेत का आणि इंटरकूलरच्या, म्हणजे टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या, पाइपचे क्लॅम्प घट्ट आहेत का, हे आत्ताच दिसते. ऑइल बदलायची वेळ जवळ आली असेल तर ऑइल, फिल्टर आणि ड्रेन बोल्टचे वॉशर आधीच आणून दोन्ही कामे एकत्र करावीत. पुढच्या वेळी कव्हर उघडणारे अनोळखी हात जितके कमी, तितके ते जास्त टिकेल.

नवे कव्हर लावण्यापूर्वी गाडीच्या अंगावरची प्रत्येक जागा तारेच्या ब्रशने घासून, वाकडे क्लिप-नट काढून नवे सरकवून आणि त्यात एक स्क्रू हाताने फिरवून आटे बसतात का ते पाहून ठेवावे. त्यानंतर सर्व स्क्रू आधी दोन-तीन आटे सैल धरवावेत आणि शेवटी मधून बाहेरच्या दिशेने हातानेच घट्ट करावेत; इम्पॅक्ट गन लावली तर नव्या प्लास्टिकला पहिल्याच दिवशी भेग पडते. पुढची कड बंपरच्या ओठाच्या योग्य बाजूने गेली आहे याची खात्री करावी, कारण ती उलट अडकली तर वारा तिथूनच आत शिरतो. साधारण शंभर किलोमीटर गाडी चालल्यावर सगळे स्क्रू एकदा तपासावेत. उरलेले स्क्रू आणि टी-२५ चा बिट एका पिशवीत घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवावा, पिशवीवर स्क्रूंची एकूण संख्या लिहावी, आणि सर्व्हिसला गाडी देताना तेवढे सगळे स्क्रू परत लागले पाहिजेत असे जॉबकार्डावर नोंदवून घ्यावे.