फोमच्या पंखावर बाल्सा चढवताना

मॉडेल विमानाच्या थर्माकोलच्या पंखावर बाल्साची, म्हणजे हलक्या लाकडाची, पातळ शीट चिकटवायची असेल तर सोलापुरात एप्रिल-मेमध्ये हे काम पहाटेच उरका. दुपारच्या ४० अंशांत ३० मिनिटांचं इपॉक्सी (दोन भाग मिसळून वापरायचा, तेवढ्या वेळात आवळणारा गोंद) निम्म्या वेळातच आवळतं. १.५ मिमी बाल्सा शीटवर ते ओतून जुन्या एटीएम कार्डाने खरवडून काढा, नुसती चकाकी उरली पाहिजे. जास्त राहिलं तर पंख उगाच जड. रबर सोल्युशन किंवा साधं सुपरग्लू नकोच, थर्माकोल विरघळून खड्डा पडतो.

कोअर (पंखाचा थर्माकोलचा गाभा) ज्या ठोकळ्यातून कापलाय त्याचे वरखालचे तुकडे फेकू नका, तोच साचा. शीट कोअरला लावून त्यात ठेवा, वर १२-१५ किलो वजन, २४ तास. खाली ओट्याचा कडाप्पा बरा (घरच्यांना आधी विचारा). शहाबादी फरशी क्वचितच सपाट असते. तिचा पीळ पंखात उतरला की विमान एका बाजूला कलतच राहतं.