कॅरियरचा बोल्ट निखळला, बाटलीच्या स्टँडचा कामी आला

दिवेआगरहून श्रीवर्धनला जाताना शेखाडीच्या उतारावर माझी सायकल मागून वळवळायला लागली. मागून मैत्रीण ओरडली, "अरे थांब, डावी पिशवी चाकाला घासतेय!" कॅरियर खाली जिथे फ्रेमला बसतो, तिथला बोल्टच गायब. भोक रिकामं, पिशवीच्या आतल्या कडेवर काळा पट्टा उमटलेला.

दुकान थेट श्रीवर्धनला. पण बाटलीच्या स्टँडला आणि कॅरियरला बहुतेक सायकलींवर ५ मिमीचेच बोल्ट असतात. बोल्टच्या डोक्यातल्या षटकोनी खाचेत बसणाऱ्या ४ मिमीच्या अ‍ॅलन कीने स्टँडचा खालचा बोल्ट काढून कॅरियरला लावला. लांबी जेमतेम पुरली. स्टँड झिप टायने आवळला.

मग सामान उलटंपालटं केलं. स्टोव्ह, अवजारं, तांदूळ पिशव्यांच्या तळाशी, दोन्हीकडे सारखं वजन; तंबू तिच्या सायकलवर. (ती कुरकुरली, पण चढावर तीच पुढे!) वळवळ निम्म्याहून कमी झाली.

श्रीवर्धनला नवे बोल्ट आणि स्प्रिंग वॉशर मिळाले. आट्यांवर तिने नेलपॉलिशचा थेंब सोडला, म्हणजे हादऱ्यांनी सहजासहजी सैल होत नाहीत. बागमांडल्याला वेश्वीच्या फेरीबोटीची वाट बघताना सगळे बोल्ट पुन्हा तपासले. एकही हलला नव्हता.