एफ-फोर करायचं की एफ-फोर?

"सर, एका टीमचं एफ-फोरचं कोटेशन आलंय, आणि दुसऱ्या टीमचंपण एफ-फोरचंच. मग दुसऱ्याचा आकडा एवढा मोठा कसा काय? आम्ही गावाकडचे म्हणून सांगालेत का?"

सांगलीहून एका वडिलांचा फोन होता. मुलाला कार्टिंगमध्ये तीन वर्षं झालेली, पंधरावा वाढदिवस तीन महिन्यांवर. पुढची पायरी एफ-फोर, म्हणजे फॉर्म्युला ४, एका सीटची रेसिंग गाडी. वडिलांना कुणी फसवत नव्हतं. दोन्ही कोटेशनं खरी होती, फक्त गाड्या दोन वेगळ्या होत्या. हा घोळ मी स्वतः घातलेला आहे, त्यामुळे मला हसू आलं नाही.

कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर वर्षानुवर्षं पळणारी 'एलजीबी फॉर्म्युला ४' ही आपली देशी मालिका. मारुती स्विफ्टचं १३०० सीसीचं इंजिन, पंख नाहीत, गिअर हातानं टाकायचा. दुसरी एफ-४ म्हणजे एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेनं २०१४ पासून देशोदेशी सुरू केलेली प्रमाणित मालिका. तिची भारतीय आवृत्ती २०२३ मध्ये आली. फ्रेंच मिगाल कंपनीची कार्बन फायबरची गाडी, डोक्यावर हेलो म्हणजे डोकं वाचवणारी कमान, पुढे-मागे पंख, स्टिअरिंगमागे गिअरचे पॅडल आणि साधारण १७०-१८० हॉर्सपॉवर. हिच्यात बसायला १५ वर्षं पूर्ण लागतात. पहिलीत तुम्ही चॅम्पियन झालात तरी सुपर लायसन्सचा, म्हणजे एफ-१ चालवायच्या परवान्याचा, एकही गुण मिळत नाही, दुसरीत मिळतात. नाव एक असलं तरी काम वेगळं.

म्हणून कुणी मला 'कुठली सीरिज चांगली' असं विचारलं की मी उलट तीन प्रश्न विचारतो. हंगामभरात पोरगा किती किलोमीटर गाडी चालवणार? कुणाच्या विरुद्ध? आणि ती गाडी त्याला नेमकं काय शिकवणार? हॉर्सपॉवर मी सगळ्यात शेवटी बघतो.

मी २०१७ आणि २०१८ असे दोन हंगाम एलजीबी चालवली. कोल्हापुरात कार्टिंग केलेलं, त्यामुळे डावा पाय ब्रेकला आणि उजवा ॲक्सिलरेटरला हे अंगात मुरलेलं. कार्टला सहसा क्लचचं पॅडल नसतं की गिअर नसतो. एलजीबीत पहिल्या दिवशी काय करायचं होतं ते ऐका. उजव्या पायाच्या पंजानं ब्रेक दाबून धरायचा, त्याच पायाच्या कडेनं ॲक्सिलरेटरला टिचकी मारायची, डाव्या पायानं क्लच आणि उजव्या हातानं गिअर खाली. हे सगळं वळण अंगावर येत असताना. टिचकी कमी पडली की मागची चाकं क्षणभर अडकतात आणि गाडी गर्रकन फिरते. पहिल्या सकाळी मी चार वेळा मातीत गेलो. चौथ्या वेळी मार्शलनं हात हलवून 'ये, ये' केलं, जणू रोजचं गिऱ्हाईकच.

पण त्या गाडीनं जे शिकवलं ते नंतर कुठं शिकायला मिळालं नाही. पंख नसल्यामुळे पाच-सहा गाड्या एकमेकींच्या शेपटीला चिकटून पळतात. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर, म्हणजे ३.७ किलोमीटरच्या त्या फेरीत, शेवटच्या लॅपला पहिला असणं हे कधीकधी तोट्याचं असतं. मागचा तुमच्या वाऱ्याच्या आडोशानं येतो आणि सरळ रस्त्यावर निघून जातो. कुठं थांबायचं, कुणाला पुढं जाऊ द्यायचं, हे डोकं तिथं तयार होतं.

प्रमाणित एफ-४ मध्ये नेमकं उलटं. पुढच्या गाडीच्या मागं वारा फाटलेला असतो, तुमचा पुढचा पंख अर्धा निकामी होतो आणि वळणात गाडी बाहेर जायला लागते. मी आता या गाड्यांचा डेटा बघतो. कार्टमधून थेट आलेल्या पोरांचा ब्रेकचा आलेख सगळ्यांचा सारखाच: हळूहळू चढणारी टेकडी. तिथं खरं तर कडा दिसायला हवा. वेग जास्त असतो तेव्हाच पंख गाडीला खाली दाबत असतात, म्हणून पहिल्याच क्षणी पूर्ण ताकदीनं लाथ घालायची आणि वेग उतरेल तसा पाय सोडत जायचं. या ब्रेकला घरच्या गाडीसारखी मदत नसते, सगळी ताकद मांडीची. पोरं जिममध्ये दंड कमावून येतात आणि दुपारी वळणांच्या जोरानं दुखणारी मान धरून बसतात.

एलजीबी संपल्यावर मला दुबईत एफ-४ ची दोन दिवसांची टेस्ट, म्हणजे शर्यतीशिवायचा सराव, मिळाली. मिळाली म्हणजे पैसे भरून. घरची एक गाडी त्यासाठी विकली गेली. आदल्या संध्याकाळी सीट ओतली. काळी कचऱ्याची पिशवी पाठीमागं ठेवतात, त्यात दोन रसायनं एकत्र करून ओततात, तुम्ही त्यावर हात स्टिअरिंगच्या जागी धरून बसायचं. फेस फुगतो, गरम होतो, पाठीचा साचा घेतो. हलायचं नाही. मी शिंकलो, आणि दोन दिवस उजव्या बरगडीखाली एक उंचवटा टोचत राहिला. दुसऱ्या दिवशी एका हेअरपिनला, म्हणजे उलट फिरणाऱ्या वळणाला, पुढच्याला हलकंसं टेकलो, पंख मोडला. महिन्याभरानं वेगळं बिल आलं. कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात 'डॅमेज वगळून' लिहिलेलं होतं, आम्ही वाचलं नव्हतं. त्या टीमची चूक नव्हती असं मी आज म्हणतो, तेव्हा म्हणत नव्हतो. तुम्ही मात्र विचारा: डॅमेजची कमाल मर्यादा किती, टायरचे सेट किती, टेस्टचे दिवस किती, आणि पावसानं दिवस वाया गेला तर तो कुणाच्या खात्यात.

परदेशी एफ-४ मध्ये काय निवडावं? ब्रिटिश एफ-४ ला दरवर्षी साधारण ३० शर्यती होतात, ट्रॅक अरुंद आणि जुने, चूक झाली की गवत. इटालियनमध्ये तीसहून जास्त गाड्या असतात. तिथं पंधरावा आलेला पोरगाही वाईट नसतो, हे नातेवाइकांना समजावणं अवघड. हिवाळ्यात आखाती देशांत होणारी मालिका मला आपल्याकडच्या मुलांसाठी सगळ्यात सोयीची वाटते. जानेवारी-फेब्रुवारीत संपते, शाळा फार बुडत नाही, आणि युरोपातल्या टीम तिथंच भेटतात. युरोपातला पूर्ण हंगाम काही लाख युरोंचा असतो, हे आधी घरात बोलून घ्या.

एफ-४ च्या वर फॉर्म्युला रीजनल, मग एफ-३, मग एफ-२. एफ-१ च्या सुपर लायसन्सला तीन हंगामांत मिळून ४० गुण लागतात आणि वय सहसा १८. एफ-४ च्या विजेत्याला १२, युरोपियन रीजनलच्या २५, एफ-३ च्या ३०, आणि एफ-२ मध्ये पहिल्या तिघांना पूर्ण ४०. म्हणजे तीन वर्षं ओळीनं एफ-४ जिंकली तरी ३६ च होतात. शिडी चढावीच लागते, पण प्रत्येक पायरी चढावी लागते असं नाही: इटलीचा आंतोनेली २०२३ मध्ये रीजनल जिंकून एफ-३ गाळून थेट एफ-२ मध्ये गेला आणि २०२५ ला एफ-१ मध्ये. असं उदाहरण दाखवून कुणी तुम्हाला पायरी गाळायला सांगितलं तर आधी त्याचं कमिशन विचारा.

एफ-३ चं एक वैशिष्ट्य लोक विसरतात. शनिवार-रविवारच्या शर्यतींआधी सराव फक्त ४५ मिनिटं, मग अर्ध्या तासाची पात्रता फेरी, आणि ट्रॅकवर ३० गाड्या. तिथं शिकायला वेळच नसतो, शिकून जावं लागतं. म्हणून एफ-४ आणि रीजनलमध्ये किलोमीटर कमी पडलेला मुलगा एफ-३ मध्ये उघडा पडतो.

मुंबईच्या जेहान दारूवालाचा रस्ता जरूर बघा. फोर्स इंडिया या एफ-१ टीमच्या २०११ च्या शोधमोहिमेतल्या तीन विजेत्यांपैकी एक, मग युरोप, २०१७ ला न्यूझीलंड ग्रां प्री जिंकली, २०१९ ला एफ-३ मध्ये तिसरा, एफ-२ चे चार हंगाम, तिथं शर्यतीही जिंकल्या. पुढे फॉर्म्युला ई, म्हणजे विजेवरच्या गाड्यांची मालिका. एफ-१ ची सीट काही आली नाही. इतकं करून.

सांगलीच्या त्या मुलाला मी आधी एलजीबी सुचवली, आणि उरलेल्या पैशांत वर्षअखेरीस प्रमाणित एफ-४ च्या दोन टेस्ट. वडिलांना गुणांचं वाटत होतं. पंधराव्या वर्षी गुणांची घाई नको, ते तीन वर्षांत शिळे होतात. एफएमएससीआय या आपल्याकडच्या मोटरस्पोर्ट संघटनेचं लायसन्स, वैद्यकीय दाखला, जुन्या कार्टिंग निकालांच्या प्रती हे सगळं त्यांनी आधीच फाइलला लावलं होतं. एकच गोष्ट राहिली होती, पोराची उंची. ती दर महिन्याला भिंतीवर खूण करून ठेवा म्हटलं, या वयात चार महिन्यांत गुडघे स्टिअरिंगला लागायला लागतात आणि सीट पुन्हा ओतावी लागते. तिचं बिल वेगळं.