मांजर लठ्ठ झालीय? वजन उतरवताना या चुका टाळा

आमची चिंगी पंचवटीतल्या वाड्यात राहते. नाव ठेवलं तेव्हा ती माझ्या ओंजळीत मावायची. पाचव्या वर्षी काट्यावर बसवली तेव्हा ६ किलो २०० ग्रॅम भरली. घरात कोणालाच ती लठ्ठ वाटत नव्हती. "खात्यापित्या घरची आहे," एवढं म्हणून सासूबाई विषय संपवायच्या. मला शंका आली ती माडीच्या जिन्यामुळे. पूर्वी तो ती तीन उड्यांत चढायची, आता चौथ्या पायरीवर बसून पुढचा विचार करायची. शेपटीच्या वरचे केस गुंतून तिथे कोंडाही झाला होता, कारण तिची जीभ आता तिथवर पोहोचतच नव्हती.

पशुवैद्यांनी बरगड्या चाचपल्या, वरून कंबर पाहिली आणि ९ पैकी ८ गुण दिले. या परीक्षेत ५ गुण उत्तम, त्यापुढे प्रत्येक गुणाला साधारण १० ते १५ टक्के जादा वजन. घरी करायची सोपी तपासणी अशी: आपला हात पसरून त्याच्या पाठीवरून बोट फिरवा, हाडं जशी लागतात तशा मांजरीच्या बरगड्या लागायला हव्यात. दाबून शोधाव्या लागल्या तर समजून जा. मागच्या पायांपुढे लोंबणाऱ्या सैल कातडीवरून मात्र ठरवू नका, ती सडपातळ मांजरींनाही असते.

चिंगीचं लक्ष्य ठरलं साडेचार किलो. तिथवर यायला अकरा महिने गेले, त्यातले पहिले दोन निव्वळ आमच्या चुकांचे.

उपास घडवू नका, मग एकादशी असो वा नसो

सगळ्यात घातक चूक हीच, आणि ती मी केली. पशुवैद्यांनी वजन घटवायचं नवं खाणं लिहून दिलं होतं. मी उत्साहाने जुनं पाकीट त्याच रात्री कपाटात टाकलं आणि सकाळी वाटीत नवं ओतलं. चिंगीने वास घेतला, पंजाने फरशी खरवडून ते पुरल्यासारखं केलं आणि निघून गेली. "भूक लागली की झक मारत खाईल," असं आम्हा सगळ्यांचं एकमत झालं. माणसाच्या पोराला कदाचित हे लागू पडत असेल. मांजरीला नाही.

लठ्ठ मांजरीने खाणं बंद केलं की शरीर साठवलेली चरबी वेगाने बाहेर काढून यकृताकडे पाठवतं. मांजरीच्या यकृताला एवढी चरबी हाताळता येत नाही. ती तिथेच साचते आणि दोन-तीन दिवसांत यकृत कोलमडायला लागतं. मग मळमळ, लाळ, आणखी भूक मरणं, पुढे कावीळ. कानाच्या आतली कातडी, हिरड्या, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळट दिसला तर आजार बराच पुढे गेलेला असतो आणि बऱ्याचदा नळीने खाऊ घालायची वेळ येते. मांजर जितकी जाड, तितका हा धोका मोठा, म्हणजे जिला खाणं कमी करायचंय तिलाच उपाशी ठेवणं सगळ्यात जास्त महागात पडतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी फोन केला तेव्हा पशुवैद्य चांगलेच रागावले. सुदैवाने त्याच रात्री जुनं खाणं कोमट पाणी घालून दिल्यावर ती जेवली. तेव्हापासून आमचा नियम एक: चोवीस तास तोंडात काही गेलं नाही तर पशुवैद्यांना फोन, वाट बघणं बंद. नवं खाणं द्यायचंच तर जुन्यात थोडं थोडं मिसळत सात ते दहा दिवसांत बदला. चिंगीने तीन आठवडे घेतले, घेऊ दिले.

वजनही रांगतच उतरलं पाहिजे. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते दोन टक्के एवढंच. सहा किलोच्या मांजरीला हे ३० ते १२० ग्रॅम होतात. "महिन्यात दोन किलो उतरवलं" असं कोणी सांगितलं तर कौतुक करू नका.

'एक वाटी' हे माप नव्हे

सकाळची वाटी नवरा भरायचा, दुपारची सासूबाई, रात्रीची मी. वाटी तीच, स्टीलची, भांडी बाजारातून आणलेली. एके दिवशी तिघांच्या वाट्या स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोलल्या: २४, ३८ आणि ३१ ग्रॅम. बेरीज ९३. पशुवैद्यांनी ठरवून दिलेला दिवसाचा रतीब होता ४७ ग्रॅम!

हा आकडा येतो कुठून? लक्ष्य-वजनाच्या मांजरीला नुसतं बसून राहायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या साधारण ८० टक्क्यांपासून सुरुवात करतात. साडेचार किलोला ते १७५ कॅलरीच्या आसपास जातं. आमच्या कोरड्या खाण्याच्या पाकिटावर १०० ग्रॅमला ३७० कॅलरी लिहिलंय, म्हणून ४७ ग्रॅम. तुमचं पाकीट वेगळं असेल, तुमची मांजरही, तेव्हा आकडा आपल्या पशुवैद्यांकडूनच घ्या. हिशेब आजच्या वजनावर नाही, लक्ष्य-वजनावर करायचा असतो, हे मात्र पाकिटामागचा तक्ता वाचताना बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. आणि ९३ वरून ४७ वर एका दिवसात उडी नको, दोन-तीन आठवडे घ्या.

नुसतं जुनंच खाणं निम्म्यावर आणलं तर कॅलरींबरोबर प्रथिनं आणि जीवनसत्त्वंही निम्मी होतात. वजन घटवायच्या खाण्यात ती त्या हिशेबाने वाढवलेली असतात, हा त्याचा खरा उपयोग. ओलं खाणंही कामाला येतं. त्यात बराचसा भाग पाणी असल्याने तेवढ्याच कॅलरींत वाटी भरलेली दिसते आणि मांजरीचं पोटही.

घरभरचे हात

वाडा म्हटला की मांजर एका घरची नसते. चिंगीचा दिनक्रम मी एक रविवार कागदावर लिहून काढला. सकाळी आमच्याकडे दूध. मग समोरच्या काकूंकडे तूप लावलेल्या पोळीचा तुकडा. दुपारी मागच्या बिऱ्हाडात सुक्या बोंबलाची डोकी. संध्याकाळी सासूबाईंच्या हातून पनीर. पन्नास मिलिलिटर म्हशीचं दूध म्हणजे जवळपास ५० कॅलरी, चहाचा चमचाभर तूप म्हणजे ४५. एवढ्यातच दिवसाच्या १७५ पैकी निम्म्याहून जास्त उडाल्या, वाटीला अजून हातही लागलेला नाही. वरचं खाणं दिवसाच्या दहा टक्क्यांत बसवायचं असतं. आमच्याकडे जेवणच दहा टक्के होतं.

"माझ्या हातून दोन घास खाल्ले तर एवढं काय बिघडतं गं?" सासूबाई खरंच दुखावल्या होत्या. त्यांना नको म्हणणं मला जमलंही नसतं, जमायला नकोही होतं. म्हणून उपाय काढला तो डब्याचा. सकाळी ४७ ग्रॅम तोलून एका झाकणाच्या डब्यात भरायचे. दिवसभर ज्याला जे लाड करायचेत ते करा, पण याच डब्यातून. डबा रिकामा, दिवस संपला. "आई, तुम्ही भरवा, फक्त यातलं भरवा," म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं. चिंगीला पनीरपेक्षा त्यांचा हात हवा होता, असं आता त्याच सांगतात.

काकूंनाही त्याच रतिबातल्या दहा-बारा दाण्यांची डबी रोज नेऊन दिली. बोंबलाचं बिऱ्हाड अवघड गेलं. शेवटी चिंगीच्या गळ्यात 'मला खायला देऊ नका' अशी चिठ्ठी बांधली. मांजरीच्या गळ्यात बांधायला आमच्याकडे निदान कोणी तयार होतं. पट्टा ओढ बसली की सुटणारा घ्या, नाहीतर कुठे अडकून गळफास बसतो.

दूध-पोळी ठेवून मांजरीचं खाणं कमी करणं

शाकाहारी घरांत हे हमखास होतं. मांजरीचं विकतचं खाणं महाग, म्हणून काटछाट तिथेच, दूधभात मात्र चालू. हे नेमकं उलटं. मांजर पक्की मांसाहारी. टॉरिन नावाचा घटक तिला पुरेसा बनवता येत नाही आणि तो मुख्यतः प्राणिज अन्नातच असतो. टॉरिन कमी पडलं की मांजरीचं हृदय फुगून दुबळं होतं, हे १९८७ साली सिद्ध झालं आणि त्यानंतर कंपन्यांनी खाण्यात ते वाढवलं. डोळ्यांचा पडदाही याच कमतरतेने खराब होतो. कुत्र्याच्या खाण्यावर ही गरज भागत नाही. दुधाचं म्हणाल तर बहुतेक मोठ्या मांजरींना ते नीट पचतच नाही. तेव्हा कात्री आधी दूध, भात, पोळी, तूप यांना.

चिवड्यातला तळलेला कांदा-लसूण, मिसळीचा रस्सा अजिबात नको, कांदा-लसणाने मांजरीच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. आणि नाशिकमध्ये फेब्रुवारी-मार्चला घरोघरी द्राक्षांच्या पेट्या येतात. द्राक्षं-बेदाण्यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, मांजरीलाही लांबच ठेवा.

"ऑपरेशनमुळेच जाडी झाली", "थायरॉइड असेल"

नसबंदीनंतर ऊर्जेची गरज २० ते ३० टक्क्यांनी कमी होते आणि भूक वाढते, एवढं खरं. म्हणून ऑपरेशन टाळायचं नसतं, त्याच आठवड्यापासून वाटी तोलायची असते. थायरॉइडचा आजार मांजरींत बहुतेक वेळा उलट्या बाजूचा असतो: ग्रंथी जास्त काम करते आणि मांजर वाळत जाते. आहार न बदलता वजन उतरतंय, पाणी खूप पितेय, मातीचा डबा सारखा ओला होतोय, असं दिसलं तर आनंद नको, रक्त तपासा. मधुमेहही असाच दिसतो, आणि लठ्ठ मांजरींना त्याचा धोका जास्त.

पळवून वजन उतरत नाही

खेळ हवाच, पण स्नायू टिकवायला आणि कंटाळा घालवायला. पिसाची काठी घेऊन पाच-पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा पुरे. लाल लेझरचा ठिपका शेवटी एखाद्या दाण्यावर नेऊन थांबवा, हाती काहीच न लागणारी शिकार मांजरीला चिडवते. आम्ही डब्यातले काही दाणे जिन्याच्या पायऱ्यांवर ठेवतो, काही भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीत. पट्टा बांधून गोदाघाटावर फिरवायची कल्पना माझ्या मुलाची. तिथली कुत्री पाहून चिंगी त्याच्या डोक्यावर चढली.

जिना चढताना कण्हत असेल तर सांधे दुखत असतील, ते पशुवैद्यांना दाखवा. घरातली पॅरासिटामॉलची गोळी चुकूनही देऊ नका. मांजरीला ती विष आहे, अर्धी गोळीही जीव घेऊ शकते.

पहाटे चारचं म्यांव

तेव्हा उठून वाटी भरलीत की ती रोज चारला उठवणार. रतिबातला एक हिस्सा झोपण्याआधी, खेळून झाल्यावर द्या. पहिले दहा-बारा दिवस कानात बोळे घालावे लागतात. डिसेंबर-जानेवारीच्या नाशिकच्या थंडीत ती जास्त मागेल. गोधडी द्या, दाणे नकोत.

काटा रुसला म्हणून हात टेकणं

मांजरीला कडेवर घेऊन वजन करायचं आणि आपलं वजा करायचं, हे आम्हीही केलं. आमचा काटा शंभर ग्रॅमच्या टप्प्यांनी बोलतो, आठवड्याला उतरणारे पन्नास ग्रॅम त्याला दिसणार कुठून? दोन महिने काहीच होत नाही असं वाटलं. लहान बाळांचा वजनकाटा घ्या किंवा दर पंधरा दिवसांनी दवाखान्याच्या काट्यावर तोला, वेळ तीच ठेवा.

तीन-चार आठवडे आकडा हललाच नाही तर आधी गळती शोधा. आमच्याकडे ती नवऱ्याच्या रात्रीच्या दह्याच्या वाटीत सापडली. गळती नसेल तर पशुवैद्यांना विचारून रतीब दहा टक्क्यांनी कमी करा. आठवड्याला दोन टक्क्यांहून जास्त उतरत असेल तर वाढवा.

लक्ष्य गाठल्यावर जुन्या वाटीकडे परत जाऊ नका. थोडं थोडं वाढवत वजन कुठे स्थिर राहतं ते पाहायचं. चिंगीचा डबा सध्या ५३ ग्रॅमचा आहे, वजन ४ किलो ६००. गेल्या महिन्यात ती माडीवर पोहोचली तेव्हा तिथे वाळत घातलेल्या कुरडयांचं काय झालं ते सासूबाईंनी मला दोन दिवस सांगितलं नव्हतं.