मुंबई ते नागपूर: विमान की समृद्धी? वेळ काढताना या चुका टाळा

विमान दीड तास, गाडी आठ तास, मग विमानच बरं ना? हा हिशोब घरोघरी होतो आणि तो चुकतोच, कारण दीड तास फक्त हवेतला आहे आणि आठ तास फक्त समृद्धी महामार्गावरचे. समृद्धी मुंबईत सुरू होत नाही, भिवंडीजवळ आमणेला होतो, तिथून नागपूर 701 किमी. कुलाब्यातून निघालात तर आमणे गाठेपर्यंतच दीड-दोन तास जातात, डोंबिवली-कल्याणवाल्यांना मात्र तेच आमणे जवळ आणि एअरपोर्ट लांब. म्हणून वेळ नेहमी दारापासून दारापर्यंत मोजा.

आमच्यासारख्या डोंबिवलीकरांचं सांगते. एअरपोर्टला जायला दोन तास धरा, काउंटर तासभर आधी बंद होतो म्हणून दोन तास आधी पोचायचं, दीड तास उड्डाण, मग बॅग आणि टॅक्सी मिळून एक तास, झाले की साडेसहा. गाडीने जेवणखाण धरून दहा. फरक साडेतीन तासांचा, आणि चार जण असाल तर तिकिटांचे पैसे बघून मगच ठरवा.

अंतराचा घोळ वेगळाच. रेल्वेचे 837 किमी बघून लोक तेच रस्त्याचं समजतात, सरळ हवाई अंतर तर 680 च्या आसपास आहे. समृद्धी बराच सरळ काढलाय म्हणून त्याच्या एवढा जवळ जातो. मॅप अचानक चौदा-पंधरा तास दाखवत असेल तर आधी टोल टाळायचं सेटिंग चालू राहिलंय का बघा, ते चालू असलं की तो जुन्या धुळ्याच्या रस्त्याने वगैरे नेतो.

तिकीट काढताना विमानतळ नीट वाचा. आता नवी मुंबईचाही सुरू झालाय, आणि जुन्या मुंबई विमानतळालाही दोन टर्मिनल आहेत, चुकीच्या ठिकाणी उतरलात तर हातातला सगळा वेळ टॅक्सीतच जातो.

वर्ध्याला जायचं असेल तर नागपूरला उतरून पुन्हा सत्तर-पंचाहत्तर किमी उलटं यावं लागतं, गाडीवाले समृद्धीवरून वर्ध्यालाच बाहेर पडतात.

आणि 120 ची लिमिट आहे म्हणून 701 भागिले 120 करू नका प्लीज, घाटात लिमिट 100 आहे, आणि मध्ये थांबावंच लागतं. सरळ काँक्रीटचा रस्ता, ना वळण ना गाव, डोळे उघडे असून माणूस पेंगतो, उन्हाळ्यात जुने टायर तापून फुटतात. निघायच्या आधी टायर आणि हवा चेक करा, दर दोन तासांनी दहा मिनिटं उतरून चाला, डिझेल-पेट्रोल अर्ध्यावर आलं की पुढचा पंप बघून भरून घ्या. बाईक न्यायचा विचार असेल तर सोडा, दुचाकीला तिथे परवानगीच नाही.